उतारावर उतरणारे साडू

आमच्या साडूंइतका सावकाश थांबणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. वेगानं जाणारी माणसं पुष्कळ पाहिली. आमच्या शहरात तर आता बहुतेक तीच उरली आहेत. पण थांबणं हेही एक कार्य आहे, त्याची तयारी वेळेआधी सुरू करावी लागते, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला. साडू राहतात पडेगावला आणि मी उस्मानपुऱ्यात. ते सायकलवरून आमच्याकडे येत तेव्हा कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशीच त्यांचे पाय थांबत. तिथून आमचं घर चांगलं लांब. मग सायकल आपल्या मर्जीनं, पाहुणी आल्यासारखी, हळूहळू गल्लीत शिरे. वाटेत इस्त्रीवाल्याला ते विचारत, "पाणी आलं का काल तुमच्याकडं?" आणि त्याचं उत्तर ऐकून होईपर्यंत दोन घरं मागे पडलेली असत. फाटक उघडं असलं तर सायकल आत येऊन जिन्याच्या पायरीला अलगद टेकून थांबे. बंद असलं तर साडू हात हलवत सरळ पुढे निघून जात आणि गल्लीला वळसा घालून पुन्हा येत. आमची ही स्वयंपाकघरातून ओरडे, "अहो, ताईचे यजमान निघून चालले, फाटक उघडा!" एकदा फाटकाची कडी अडकली. मी हातोडी शोधत होतो, आणि साडू प्रत्येक फेरीला एकेक वाक्य बोलून जात होते. 'माझ्या चहात साखर कमी टाका' हे वाक्य दोन फेऱ्यांत मिळून पूर्ण झालं.

सायकलला ब्रेक नव्हते असं नाही. चांगले होते. पण ते लावायचे नव्हते, कारण सायकल साडूंची नव्हती. कॉलेजात असताना त्यांचा एक जिवलग दोस्त होता, सलीम. स्टेशनाजवळ त्याच्या वडिलांचं लहानसं लॉज होतं. वेरूळची लेणी सायकलवरून बघायला निघालेला कुणी एक गोरा त्या लॉजवर उतरला आणि कावीळ होऊन तिथंच आडवा झाला. सलीमच्या आईनं त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं, पथ्याची खिचडी करून घातली. बरा झाल्यावर तो विमानानं मायदेशी गेला आणि जाताना आपली सायकल अम्मींना बक्षीस देऊन गेला. अम्मी साठीच्या, गुडघ्यांनी बेजार. त्यांना तिचा काय उपयोग? ती सलीमकडे आली. आपल्याकडच्या सायकलींची रिम तेव्हा लोखंडी असे, जाडजूड आणि कशाचंच काही वाटून न घेणारी. या सायकलची रिम होती अॅल्युमिनियमची, नाजूक, आणि मापानं अशी जगावेगळी की पैठण गेटापासून सिटी चौकापर्यंत एकाही दुकानात तिला जोड सापडली नाही. एक दांडीवर, एक सीटवर असे हे दोघे मित्र त्या सायकलवरून सगळं शहर हुंदडले. पुढे साडू बजाजनगरच्या एका शाळेत भूगोलाचे मास्तर झाले आणि सलीम दोन वर्षांसाठी म्हणून सौदीला गेला. जाताना सायकल साडूंच्या हवाली करून तो म्हणाला, "चला तू, पन रिम घिसने नक्को दे." म्हणजे, सायकल खुशाल चालव, पण रिम झिजू देऊ नकोस.

असली वाक्यं माणसं निघताना बोलतातच. स्टेशनात गाडी उभी असते, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. दुसरा कोणी 'हौ' म्हणून विसरला असता. साडू 'हौ' म्हणाले आणि त्यांनी तो शब्द पाळायला घेतला. सलीमची दोन वर्षं लांबत गेली. तिकडे त्याची बढती झाली, बायको तिकडे गेली, मुलं तिकडेच शिकली. इकडे अम्मी वारल्या, लॉज विकलं गेलं आणि त्या जागी मोबाइलचं दुकान आलं. साडूंकडे उरली ती सायकल आणि ते वाक्य. सलीम आला की त्याची रिम त्याच्या हातात शाबूत द्यायची, एवढी एकच इच्छा या माणसानं आयुष्यात मनापासून धरली. अडचण एवढीच होती की ब्रेक लावला की रबराचे गुटके रिमवर घासतात, आणि घासलं की रिम झिजते. मी माझ्या परीनं सोपा उपाय सुचवला, की सायकल माळ्यावर टांगून ठेवा, झिजायचा प्रश्नच नाही. साडूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "'चला तू' असंबी म्हणलाय तो, पाव्हणं. अर्धाच शब्द कसा पाळायचा?"

तेव्हापासून ब्रेक न लावता सायकल चालवण्याचं त्यांचं शास्त्र तयार होत गेलं. "ब्रेक म्हंजी उशिरा सुचलेलं शहाणपण," असं ते म्हणत. ज्याला आधी दिसतं त्याला दाबावं लागत नाही. भूगोलाचे मास्तर असल्यामुळे शहराचे चढउतार त्यांना तळहातासारखे पाठ. जे रस्ते आपल्याला सपाट वाटतात ते त्यांना कधीच सपाट वाटले नाहीत. छावणीतून नगर नाक्याकडे येताना जमीन कुठं जरा वर उचलते, गोलवाडीच्या पुढे वारा कुठल्या महिन्यात तोंडावर येतो, हे सगळं त्यांच्या हिशेबात असे, आणि थांबायचं तिथं चढ किंवा वारा येईल अशा बेतानं ते निघत. लाल दिवा लांबून दिसला की त्यांची चाल इतकी मंदावे की दिवा हिरवा झाल्यावरच ते चौकात पोचत. मागची वाहनं हॉर्न वाजवत. साडूंना ते ऐकू येई. ते मान डोलवत, गाण्याला दाद दिल्यासारखी. गतिरोधकाला सगळं शहर शिव्या देतं, साडूंना तो पाहून आनंद होई. "बघा, फुकटचा ब्रेक," म्हणून ते मला दाखवत. आणि अगदीच नाइलाज झाला तर ब्रेकला नुसतं शिवायचं आणि सोडायचं, धरून ठेवायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. मी स्कूटरवाला माणूस. कचकन ब्रेक लावल्याशिवाय मला घरी पोचल्यासारखं वाटत नाही. माझ्या मागे बसले की त्यांचे दोन्ही पाय आपोआप जमिनीकडे जात.

पण खरा पराक्रम संध्याकाळचा. शाळेतून आले की हातपाय धुण्याआधी सायकल अंगणात उलटी करायची, तिच्यापुढे पाट मांडून बसायचं आणि गोणी शिवायच्या दाभणानं ब्रेकच्या गुटक्यांत रुतलेली कच एकेक करून उकरायची. मी एकदा विचारलं, की रबरासारखी मऊ वस्तू धातूला झिजवते तरी कशी? त्यांनी दाभणाच्या टोकावर वाळूचा एक कण काढून माझ्यापुढे धरला. "रबर काय खातंय रिमला? रबरात बसलेला ह्यो खडा खातोय. अन् खडा कुठून आला? रस्त्यावरून. म्हंजी खातोय रस्ता, अन् नाव रबराचं." मग त्या गुटक्यातून चमकणारा एक बारीक कपचा निघाला. तो रिमचा तुकडा. तो त्यांनी फुंकर मारून स्वच्छ केला आणि एका करंड्यात टाकला. करंडा ताईंच्या कुंकवाचा होता, आणि त्यांनी तो सहजासहजी दिला नव्हता. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ती माउली मला म्हणाली, "आता तुम्हीच सांगा. लोक अस्थी गोळा करतेत, आमचं माणूस चाकाचा भुगा गोळा करतंय. गंगेत सोडायचा का काय उद्या?"

शहर वाढत होतं तसा हा रस्ता जास्तच खाऊ लागला. पडेगावात आधी ज्वारीची रानं होती. त्यांचे प्लॉट पडले, प्लॉटांवर इमारती आल्या, इमारतींसाठी खडी आली, मुरूम आला, टिपर आले. रस्ता रुंद करायचा म्हणून खणला, खणला म्हणून तसाच राहिला. सगळं शहर धुळीनं माखलेलं. लोक नाकाला रुमाल बांधायचे, साडू दोन्ही चाकांच्या गुटक्यांवर जुन्या मोज्यांचे तुकडे बांधायचे. ताज्या खडीचा पट्टा आला की ते उतरून सायकल खांद्यावर घेत. लोकांना वाटे पंक्चर झालं. एक जण रोज हटकायचा, "मास्तर, ट्यूब बदलून टाका की एकदाची." साडू त्याला रोज "व्हय व्हय" म्हणत. खरं कारण सांगायचं तर सलीमपासून सुरुवात करावी लागली असती आणि शाळेला उशीर झाला असता.

मग आली ती दुष्काळाची वर्षं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही पहाटे कधी येईल त्याचा नेम नाही. धरणाच्या बातम्या लोक घरच्या आजारी माणसाच्या चौकशीसारख्या करायचे. अशा दिवसांत रिम रोज ओल्या फडक्यानं पुसायची म्हणजे पाणी लागणार, आणि ताईंचा तर वाटीभर पाण्यावरही पहारा. "प्यायला पाणी नाय अन् चाकाला अंघोळ?" त्यांचंही खरंच होतं. साडूंनी वाद घातला नाही. त्यांनी स्वतःची अंघोळ निम्मी केली आणि उरलेल्या निम्म्यातलं तांब्याभर पाणी चाकांना दिलं. पुढे टंचाई आणखी वाढली तेव्हा अंघोळच बंद करून नुसतं ओल्या फडक्यानं अंग पुसायचं आणि तेच फडकं नंतर रिमवर फिरवायचं, अशी त्यांनी सोय लावली. आधी तोंड, मग चाक, हा क्रम मात्र फार महत्त्वाचा. आमच्या एका नातेवाइकाच्या लग्नाला निघताना घाईत तो उलटा झाला. अॅल्युमिनियम झिजलं की काळा चिकट रंग सोडतं. साडू लग्नात आले ते गालांवर दोन काळे पट्टे घेऊन, आणि मुलीकडच्या बायकांनी तीट लावायची आमच्याकडची पद्धत म्हणून ते मानूनही घेतलं. मला त्या दिवशी हसू आवरेना. पण संध्याकाळी त्यांच्या अंगणात बसलो असताना त्यांनी ते फडकं माझ्यापुढे उलगडलं आणि हळूच म्हणाले, "हे काळं दिसतंय ना, ही धूळ नाय. ही रिम हाय. आज एवढी गेली." माझं हसणं तिथंच थांबलं.

माणसाची पारखही ते ब्रेकवरूनच करत. माझ्या पुतणीला बघायला एक मुलगा आला. आत पोहे चालले होते, प्रश्नोत्तरं चालली होती, आणि साडू बाहेर त्या मुलाच्या मोटारसायकलपाशी उकिडवे बसलेले. मुलाकडच्यांना वाटलं, हे गॅरेजवाले. पाहुणे गेल्यावर आमच्यात चर्चा सुरू झाली, पगार किती, घर कुठं. साडू म्हणाले, "द्या पोरगी. बाकी मला कळत नाय, पर पुढचा अन् मागचा ब्रेक सारखा झिजलाय. घाबरून दाबणारं पोरगं नाय." पुतणी आज सुखात आहे. तिच्या आईला हे सगळं गुरुबळामुळे झालं असं वाटतं.

आणि त्यांचा तो घाट! दर सुटीच्या दिवशी दौलताबादच्या पुढे, खुलताबादच्या घाटात त्यांची स्वारी असे. जग काय करतं? चढावर उतरून सायकल ढकलतं आणि उतारावर बसून मजेत खाली येतं. साडू चढावर बसून, घामानं निथळत, वरपर्यंत पायडल मारत जात. चढ रिमला काही करत नाही ना! आणि वर पोचल्यावर, जिथून जग खाली घरंगळायला लागतं, तिथं ते उतरत. सीटवर हात ठेवून, शेजारी म्हातारी आई चालल्यासारखी सायकल चालवत, सगळा घाट पायी खाली येत. मी एकदा त्यांच्याबरोबर भाड्याच्या सायकलवर गेलो. चढताना माझा जीव कंठाशी आला आणि उतरताना मी क्षणात खाली पोचून सीताफळं विकणाऱ्या बायकांपाशी जाऊन बसलो. माझी तीन सीताफळं झाली तरी साडूंचा पत्ता नाही. त्या बायकांना हे नेहमीचंच. त्यातली एक म्हणाली, "येतील मास्तर. तेंची गाडी उतारालाच बिघडती." वाटेत एका ट्रकवाल्यानं त्यांना गाडीत घ्यायची तयारी दाखवली होती, आणि चोरीची सायकल म्हणून एका पोलिसानं चौकशीही केली होती. सायकल तुमचीच का, असं विचारल्यावर साडू खरं तेच बोलले, की माझी नाही. त्यामुळे जरा जास्तच वेळ लागला.

त्यांचा जीव मात्र आता टांगणीला लागला होता. कितीही जपलं तरी धुळीची ती वर्षं रिमनं सोसली होती. तिच्या कडा मधून खोलगट झाल्या होत्या. अंगठ्याचं नख फिरवलं की मलाही कळायचं. अशी रिम फार पातळ झाली की एक दिवस ब्रेक दाबताच फाटते. सलीमचं येणं दर वर्षी पुढे ढकललं जात होतं, आणि रिम काही दर वर्षी जाड होत नव्हती. ईदला साडू त्याला फोन करत. सगळ्यांची खुशाली विचारून झाली की शेवटी सांगत, "रिम ठीक हाय." पलीकडून "हौ, हौ, अल्हम्दुलिल्लाह" असं यायचं. मला दाट शंका होती की रिम म्हणजे काय हे तिकडे कुणाला कळतच नसावं. मी त्यांना म्हटलं, "साडूभाऊ, आता ऑनलाइन वाट्टेल त्या मापाची रिम घरपोच येते. नवी टाका, सलीमला काय समजणार आहे?" ते जराही रागावले नाहीत. म्हणाले, "रिम मिळंल. पर तेनं ही ठिवली व्हती माझ्याकडं. अमानत बदलून देत्यात व्हय?"

त्या उन्हाळ्यात एके दिवशी ते भर दुपारी आमच्याकडे आले ते सायकल हातात धरून, चालत. चेहरा पांढराफटक. आमच्या हिनं पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसले. मग म्हणाले, "आज दाबला, पाव्हणं. दोन्ही." पडेगावच्या वळणावर टँकर उभा होता. हंडे, बादल्या, पाइप घेऊन माणसांची झुंबड. टँकरच्या मागून एक बाई डोक्यावर भरला हंडा घेऊन एकदम समोर आली. चढ नव्हता, वारा नव्हता, शिवून सोडायला वेळ नव्हता. इतक्या वर्षांत जे केलं नाही ते त्यांनी एका झटक्यात केलं. सायकल किंचाळत बाईच्या पदरापाशी थांबली. मी विचारलं, "बाईला लागलं नाही ना?" साडू म्हणाले, "हंड्यातलं थेंबभर सांडलं नाय." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, पण बोट मात्र रिमवर फिरत होतं. कडेला नवा ओरखडा उमटला होता. तो चाचपून ते म्हणाले, "सलीमला एक डाव घाट उतरता यील, एवढी उरलीय. आता मी बसत नाय." आणि खरोखरच ते त्या दिवसापासून शाळेला बसनं जायला लागले. 'चला तू' हा अर्धा शब्द मोडल्याचं त्यांना फार लागलं होतं. सायकल जड होऊ नये म्हणून रोज संध्याकाळी ते तिला हातात धरून दोन गल्ल्या फिरवून आणत.

आणि त्याच वर्षी सलीमभाई आले. भाचीचं लग्न होतं. साडूंचा मला निरोप आला, 'अमानत परत द्यायचीय, साक्षीला या.' मी गेलो तेव्हा अंगणात सायकल उभी होती, आणि ताई आपणहून भरली बादली घेऊन बाहेर येत होत्या. "धुवा आज नीट," त्या म्हणाल्या, "माझी अंघोळ ऱ्हाऊ द्या." इतकी वर्षं वाटीभर पाण्यावरून भांडलेल्या बाईनं त्या दुष्काळात अख्खी बादली पुढे ठेवली, आणि साडू फडकं भिजवून चाकापाशी बसले.

सलीमभाई भाच्याच्या जीपमधून उतरले. पांढरी दाढी, सुटलेलं पोट, साखरेचा आजार, पण डोळे मात्र खोडकर. दोघांनी कडकडून मिठी मारली. मग त्यांची नजर सायकलकडे गेली. "अरे मास्टर, ये अब तक है? मैं समझा, कबाड़ में गई होंगी कब की." साडू म्हणाले, "रिम बघ." सलीमभाईंनी आधी सायकलकडे, मग साडूंकडे पाहिलं. "क्या देखूं रिम में?" "तू म्हणला व्हतास, रिम घिसने नक्को दे." "मैं? मैं कब बोला रे?" ताई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. मला त्या माणसाचा असा राग आला की तोंडात आलेला शब्द मी कसाबसा गिळला. साडू मात्र हसले. अगदी मोकळं हसले. "म्हणला व्हतास. तुला नसू दे आठवत. मला आठवतंय ना, बास झालं."

सलीमभाईंना काय वाटलं कोण जाणे, एकदम म्हणाले, "चल, घाट चलते." सायकल जीपमध्ये टाकून आम्ही वर गेलो. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी सायकल उतरवून घेतली आणि सीटवर बसले. भाचा घाबरला, "मामू, नक्को ना," म्हणायला लागला. मी साडूंना बाजूला घेऊन विचारलं, "रिम टिकेल ना?" ते म्हणाले, "सकाळी बोट फिरवून बघितलीय. निभंल." मला वाटलं, आता ते दोस्ताला सगळं शास्त्र सांगतील: ब्रेकला शिवून सोड, धरून ठेवू नको, वळणाआधीच चाल मोडत जा. पण ते एवढंच म्हणाले, "सांभाळून जा रे."

सलीमभाई निघाले आणि पहिल्याच वळणाला त्यांनी दोन्ही ब्रेक आवळले. आवळले ते सोडलेच नाहीत. वजनदार माणूस, हातांची सवय गेलेली, जीव मुठीत. सगळ्या घाटात तो किर्रर्र आवाज घुमू लागला. झाडांवरची वानरं पळाली. साडूंनी थेंबाथेंबानं वाचवलेली रिम तो माणूस ओंजळींनी उधळत खाली चालला होता, आणि आवाज थांबला म्हणजे रिम फाटली हे मला माहीत असल्यामुळे तो थांबावा असंही म्हणवेना. मी साडूंकडे पाहिलं. ते कठड्याशी उभे राहून, मान किंचित तिरकी करून ऐकत होते. माझ्या तोंडून निघालंच, "अहो, सगळी संपवली त्यानं." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "संपवू द्या, पाव्हणं. तेच्यासाठीच तर ठिवली व्हती." मला त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी साठवल्या, पण इतक्या आनंदानं दुसऱ्याला उधळू देता येईल अशी त्यातली एकही नाही.

आम्ही जीपनं खाली आलो तेव्हा सलीमभाई सीताफळवाल्या बायकांपाशी दगडावर बसले होते. घामाघूम, धापा टाकत, आणि कॉलेजातल्या पोरासारखे खूश. "ब्रेक मस्त हैं यार. नवे डाले क्या?"

"गुटके नवे हायेत," साडू म्हणाले. "रिम तुझीच हाय."

सलीमभाईंनी सहज म्हणून रिमला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग पुन्हा, जरा जपून, बोट टेकवलं. तिच्या कडेचा तो खोलगटपणा त्यांना बोटाला लागला असावा, कारण बोट तिथंच फिरत राहिलं आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "कितने साल हुए रे मेरेकू जाके?"

"मोजले नाय," साडू म्हणाले. "तू येणारच व्हतास."

सलीमभाई उठले, त्यांनी हँडलला एका बाजूनं हात लावला, दुसऱ्या बाजूनं साडूंनी लावला, आणि दोघं पडेगावच्या दिशेनं चालायला लागले. जीप आहे, आम्ही दोघं आहोत, याचा त्यांना विसर पडला होता. मी भाच्याला म्हटलं, गाडी हळू घे. दौलताबाद मागे पडलं, रस्ता सपाट झाला, पण त्या दोघांपैकी कोणीच सायकलवर बसलं नाही. त्यांच्या मागून आमची गाडी कितीतरी वेळ पहिल्या गिअरमध्ये चालली होती, आणि हॉर्न वाजवायचं काही भाच्याला सुचलं नाही.